सध्या मोकळाच आहे

दिवाळी अंकाच्या व्यवसायात ज्याने एक भाद्रपद काढला असेल, त्याला नानांची ओळख करून देण्याचे कारण नाही. तुमच्याकडे त्यांचे नाव अण्णा असेल किंवा भाऊ, परंतु मुद्रितशोधक ऐन गणपतीत कोकणात निघून गेला, मुखपृष्ठकार फोन उचलीनासा झाला आणि छापखान्याने शेवटच्या फर्म्याची तारीख ठणकावून सांगितली, म्हणजे अप्पा बळवंत चौकाच्या बाजूने छत्री बगलेत मारून जो वृद्ध इसम येतो, न सांगता बसतो, न विचारता चहा पितो आणि तुमची अडचण पुरती ऐकण्यापूर्वीच, "आपला एक माणूस आहे, सध्या मोकळाच आहे," असा निर्वाळा देतो, तो इसम म्हणजे नाना.

नानांची शिफारस कधी खोटी नसते, हे त्यांच्या शत्रूंनाही (आणि अशा शत्रूंत मी माझी गणना करीत असे) मान्य करावे लागते. एका कानडी कथेच्या अनुवादासाठी त्यांनी पाठविलेले गृहस्थ धारवाडात सारी नोकरी करून आलेले होते. त्यांनी ती कथा एका बैठकीत वाचली, डोळे पुसले, मूळ लेखकाची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि मराठीत कधी उतरवून देता असे विचारताच, "लिहिण्याची सवय नाही हो, पण विचाराल ते सांगेन," असे अत्यंत निर्मळपणे उत्तर दिले. नानांना याबद्दल छेडले, तेव्हा ते म्हणाले, "कानडी येते की नाही? मराठी येते की नाही? आणि मोकळा आहे की नाही?" तिन्ही प्रश्नांना होकार देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत भर पडली, या दोन्ही वार्ता सदाशिव पेठेतील एका निवृत्त शिक्षकांच्या कानांवर गेलेल्या होत्या. त्यांनी त्यांस संमती मात्र दिलेली नव्हती. नानांच्या शब्दाखातर त्यांनी आमची मुद्रिते तपासावयास नेली आणि मुदतीच्या आत परत केली, तेव्हा चित्रपटसृष्टीवरील एका चुरचुरीत लेखात 'केलें', 'गेलें', 'घरांत' अशा रूपांनी ते सारे हद्दपार अनुस्वार पुन्हा सन्मानपूर्वक स्थानापन्न झालेले आढळले. हे अनुस्वार उतरविण्यासाठी दुसरा मुद्रितशोधक हवा झाला, आणि तोही अर्थातच नानांपाशी तयार होता. त्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असून डॉक्टरांनी त्यास काही आठवडे घरी स्वस्थ पडून राहण्यास बजावले होते. म्हणजे नानांच्या हिशेबी, इतका मोकळा माणूस उभ्या पुण्यात शोधून सापडला नसता.

नानांचे सारे दफ्तर एका वहीत आहे. तीत माणसांची नावे क्वचितच आढळतात. आढळतात ती नाती. 'वकिलांच्या जुन्या भाडेकरूंचे मेहुणे: रेषाचित्रे' अशी नोंद वाचून तुम्हाला प्रथम वकील, मग भाडेकरू आणि सरतेशेवटी मेहुणे असा प्रवास करावा लागतो, आणि प्रत्येक मुक्कामी पोहे खावे लागतात. एका सुलेखनकाराचा असाच माग काढीत मी त्यांच्या दारी पोहोचलो, तो त्यांचे वर्षश्राद्धही होऊन गेल्याचे समजले. नानांना हे सांगितले. ते काही वेळ स्तब्ध राहिले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, आणि म्हणाले, "मुलगा मात्र मोकळा आहे."

कहर झाला तो पुढेच. अंकाची शेवटची पाने छापखान्यात, जाहिरातदारांचे मजकूर अद्याप वाटेत आणि संपादकीयाचा पत्ता नाही, अशा घटकेस एका अनोळखी गृहस्थांचा दूरध्वनी आला: त्यांच्या गृहसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे संपादन मी करावयाचे होते. आपणास माझे नाव कोणी सुचविले, असे मी दातओठ खात, परंतु सभ्य भाषेत विचारले. "नाना म्हणाले, आपण सध्या मोकळेच आहात."

या वहीचा लाभ घेणाऱ्या आम्हां मंडळींविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, त्यास शंभरी उलटून गेली. पण वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकासाठी बारमाही मुद्रितशोधक पोसणे कोणास परवडत नाही, म्हणून उसने हात शोधावे लागतात, इथवर सारे समजण्यासारखे आहे. परक्या माणसास बोलाविले तर त्यास दर विचारावा लागतो, मुदत लिहून द्यावी लागते, आगाऊ रक्कम मोजावी लागते. ओळखीच्या माणसाशी पैशाची भाषा बोलणे मात्र असभ्यपणाचे ठरते, आणि ही सभ्यता संपादक आणि प्रकाशक मंडळी ज्या निष्ठेने पाळतात, ती पाहून ऊर भरून येतो. "आपलाच माणूस आहे, बघू नंतर," हे वाक्य कार्तिकात उच्चारले जाते आणि माघ सरला तरी त्याची रुजुवात होत नाही.

या 'नंतर'चा माग नाना काढतात, हे मला फार उशिरा कळले. एका प्रकाशकांच्या कचेरीत ते सकाळी येऊन बसलेले मी पाहिले. दुपारी पुन्हा गेलो तो तेथेच बसलेले. कोणाशी हुज्जत नाही, तगादा नाही. धनादेशावर सही होईपर्यंत केवळ बसणे. तो धनादेश त्या मोतीबिंदूवाल्या मुद्रितशोधकाचा होता. स्वतःसाठी नानांनी एक पैची दलाली घेतल्याचे कोणास ठाऊक नाही.

त्या दिवशी प्रकाशक आत गेले असता मी ती वही प्रथमच सुरुवातीपासून चाळली. पहिली पाने जुळाऱ्यांची आहेत. नाना ज्या छापखान्यात फोरमन होते, तेथे संगणकीय अक्षरजुळणी आली, ऑफसेट यंत्र आले, खिळ्यांच्या केसी वजनावर विकल्या गेल्या, आणि स्टिक हातात धरून आयुष्य काढलेली माणसे एका महिन्यात घरी बसली. प्रत्येकाच्या नावापुढे (या पानांवर नावे आहेत) काय येते ते लिहिलेले: वाचन चांगले, मोडी येते, हिशेब पक्का, इंग्रजी जुळवीत असे. त्यापुढे निळ्या शाईने, कोठे लागला ते. बहुतेक नावांपुढे निळी शाई आहे. चार-पाच नावांपुढे नाही, आणि ती नावे नानांनी खोडलेलीही नाहीत.

नानांच्या माणसांनी माझे जे अंक बिघडविले, त्यांविषयीची तक्रार मी मागे घेत नाही. यंदा अंक काढणारांस एवढीच विनंती, की मुद्रितशोधकाचा, चित्रकाराचा व अनुवादकाचा दर काम देतानाच लिहून द्यावा, आणि पैसे लक्ष्मीपूजनापूर्वी चुकते करावेत. नानांचे गुडघे दुखतात आणि प्रकाशकांच्या बहुतेक कचेऱ्या जिना चढून आहेत.