मोजून दिलेली भेट

नाशिकरोडला जेलरोडच्या कुठल्याही गल्लीत शिरून ‘प्रेसवाले आबा कुठे राहतात?’ असं विचारलं, तर लोक उलट विचारतात, “त्यांतले कुठले?” इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्यामुळे जन्मभर लाखोंच्या थप्प्या हाताळून संध्याकाळी फक्त जेवणाचा रिकामा डबा घरी आणलेले पेन्शनर आमच्याकडे बक्कळ. शेजारचे आबा त्यांतलेच. नोटा तपासायच्या खात्यात होते. शाई केसभर सरकली तरी यांच्या डोळ्यांतून सुटायची नाही. फक्त नातवंडांकडे बघताना तोच डोळा चार-पाच वर्षं मागे पडतो.

नातू दुसरीत गेला तेव्हा आबांनी त्याला तीनचाकी सायकल आणली. पोराचे गुडघे हँडलला लागायला लागले, तशी आबांनी सायकललाच नावं ठेवली. ही चूक पुन्हा नको म्हणून नातीचा फ्रॉक ‘वाढत्या अंगाचा’ घेतला. तो एवढा वाढता, की पहिल्या वर्षी पोरगी त्यात शोधावी लागायची. अंगाबरोबर बसायला लागला, तोवर ती जीन्सवर गेली होती.

मग आबा म्हणाले, भेट कशी टिकाऊ हवी. भांडी बाजारातून तांब्याचा तांब्या घेतला आणि त्यावर नाव घालायला दिलं. नाव घालणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं रामकुंडावरच्या गिऱ्हाइकांची भांडी करण्यात बसलेला. नातवाचं नाव, तारीख सगळं बिनचूक कोरलं आणि सवयीने शेवटी घातलं, ‘यांच्या स्मरणार्थ’. आजींनी घरात पाऊल टाकू दिलं नाही. “अहो, लेकराचा वाढदिवस करताय का श्राद्ध?” तांब्या माळ्यावर गेला. नाव घातलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही, हे आबांना त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी रिमोटची गाडी. वाढदिवसाच्या दुपारी ती गपकन थांबली. शोधाअंती सेल भिंतीवरच्या घड्याळात सापडले. “गाडीत नुसते वाया चालले होते,” आबा म्हणाले, “इथे निदान वेळ तरी कळते.”

पण आबांचा खरा पराक्रम म्हणजे पाचशे तुकड्यांचं चित्रकोडं. मेनरोडवरून खोकं आणलं ते कागदात न गुंडाळता आबांनी आधी सतरंजीवर उपडं केलं. मोजल्याशिवाय माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही प्रेसची शिस्त. चारशे नव्व्याण्णव भरले. पुन्हा मोजले, तेवढेच. दुसऱ्या दिवशी सिटीलिंकच्या बसने आबा दुकानात हजर.

“काका, कंपनी मोजूनच देते हो.”

“आम्हीपण मोजूनच द्यायचो. तरी पुन्हा तपासायचो.”

दुकानदाराने हात जोडले. मग तुकडा कमी आहे हे सिद्ध करायला आबा स्वतःच कोडं लावायला बसले. तीन रात्री घरातलं जेवणाचं टेबल अडून राहिलं, मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवली. चौथ्या दिवशी पाचशेवा तुकडा आबांच्या चष्म्याच्या घरात निघाला. तो बसवला, आणि इतक्या कष्टांनी जमलेलं पुन्हा मोडायला मन होईना. प्लायवूडवर फेव्हिकॉलने चिकटवून, वर काच लावून, फ्रेम करूनच त्यांनी ते नातवाच्या हातात ठेवलं.

“आबा, मग मी काय करू?”

“बघ की!”

तेव्हा सूनबाईंनी नम्रपणे सुचवलं, “बाबा, तुम्ही आपले पैसेच देत जा.” आबांनी यंदा नातीला पाकीट दिलं. पाचशेची नोट आणि वर शकुनाची कोरी करकरीत एक रुपयाची. पाचशेची आईने लगेच ताब्यात घेतली. रुपयाची घेऊन नात आबांजवळ बसली आणि आबांची कळी खुलली. भिंग आलं. जलचिन्ह दाखवून झालं. बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, या एकटीवर केंद्राच्या वित्त सचिवाची. बाकीच्या नोटा ‘अदा करण्याचं वचन’ देतात, ही तसलं काही देत नाही; कारण ही स्वतःच रुपया.

दीड तास गेला. केक कापायचा राहिला. पोरीने नोट कंपासपेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना भिंगाशिवायच सही दाखवली. इतक्या वर्षांत आबांची एकच भेट अंगाबरोबर बसली, तीही एक रुपयाची.

पण हे आबांना सांगायची सोय नाही. ते परवाच मेनरोडला जाऊन आले. यंदा नातवासाठी हजार तुकड्यांचं कोडं आहे. काल रात्री त्यांच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा होता. मोजणी चालू आहे.