एक खिळा आणि चार टायर

मोटारीच्या चारही चाकांना इंजिनची ताकद पुरविणाऱ्या रचनेस ऑल-व्हील-ड्राइव्ह असे म्हणतात, आणि अशी गाडी घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा बर्फाने माखलेला घाट व त्यावरून दिमाखात चढणारी स्वतःचीच गाडी असते. परंतु या रचनेचा दीर्घ सहवास लाभलेल्यांकडे पाहिले असता, डोंगर सर करावयास निघालेला हा गृहस्थ पुढे आयुष्याचा बराचसा भाग टायरच्या नक्षीतील एक-दोन मिलिमीटर मोजण्यात घालवितो, असे आढळून येते.

या व्याधीचा प्रादुर्भाव अमेरिकेच्या हिमप्रदेशात विशेष आहे. जपानच्या सुबारूने 1972 साली लिओने मोटारीची, चारही चाकांना ताकद देता येईल अशी, स्टेशन वॅगन आणली, जर्मनीच्या ऑडीने 1980 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो मांडली, आणि व्हरमाँट वा कोलोरॅडोसारख्या राज्यांत हा पंथ चांगलाच रुजला. नोकरीनिमित्त मिनेसोटा-मिशिगनकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही पहिल्या हिवाळ्यात गाडी एकदा घसरली की त्याची दीक्षा घेतात, आणि जवळच्या मंदिराच्या पार्किंगमध्ये नव्या गाडीची यथासांग पूजा करून चाकांखाली लिंबे चिरडतात. चारही लिंबे एकाच आकाराची असावीत असा दंडक कोणा पुरोहिताने घातल्याचे ऐकिवात नाही. या गाड्यांपुरता तो घालण्यास मात्र शास्त्राधार आहे.

तो आधार असा. मोटार वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा लांबचा रस्ता कापते, म्हणून एकाच आसावरील दोन चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची जुळणी लागते. तिला डिफरन्शियल म्हणतात, आणि तिचे श्रेय 1827 साली ती सिद्ध करणाऱ्या ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीकडे जाते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत असाच मतभेद पुढचा आस आणि मागचा आस यांच्यातही उद्भवतो, म्हणून मधोमध आणखी एक मध्यस्थ नेमावा लागतो. हा मध्यस्थ कधी तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांचा असतो, तर कधी व्हिस्कस कपलिंगच्या रूपाने येतो, म्हणजे दाट सिलिकॉन द्रवात फिरणारे चकत्यांचे दोन संच, ज्यांच्या गतींत फरक पडला की द्रव तापून दोघांनाही एकमेकांशी जखडू पाहतो. वळणापुरता किंवा बर्फावर चाक घसरले तेवढ्यापुरता फरक सांभाळणे हे त्याचे काम होय. तोच फरक कोरड्या, सरळ महामार्गावर तासन्‌तास चालू राहिला, तर मध्यस्थाचे डोके तापते, आणि येथे ते शब्दशः तापते.

हा फरक सरळ रस्त्यावर कोठून येतो, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. 225/60 आर 17 या मापाचा टायर घेतला, म्हणजे रुंदी 225 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 17 इंची, तर त्याचा घेर सुमारे 2.2 मीटर भरतो. नव्या टायरवरील नक्षी साधारणपणे 8 मिलिमीटर खोल असते. ती निम्मी झिजली की त्रिज्या 4 मिलिमीटरने व घेर 25 मिलिमीटरने घटतो, आणि असा टायर नव्या सोबत्यापेक्षा, निदान कागदावरच्या हिशेबाने, दर किलोमीटरला पाच फेरे अधिक घेतो. न्यू यॉर्क ते शिकागो हे अंतर सुमारे 1270 किलोमीटर असल्याने त्या एका प्रवासात जादा फेऱ्यांची संख्या सहा हजारांवर जाते, आणि त्या प्रत्येक फेऱ्याचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो. मालक गाणी ऐकत असतो. जाब क्लच देतो.

म्हणून सुबारूची शिफारस अशी, की चारही टायरच्या घेरांतील फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे 6.4 मिलिमीटरच्या, आत असावा. पाव इंच ऐकून सामान्य मनुष्य सुखावतो, कारण हा घेराचा फरक असून नक्षीच्या खोलीत तो जेमतेम 1 मिलिमीटर भरतो, हे त्यास नंतर कोणीतरी सांगावे लागते. अमेरिकन जनता नक्षी मोजण्यासाठी परंपरेने नाणी वापरते. एक सेंटचे नाणे उलटे धरून खाचेत घातले आणि लिंकन यांचे संपूर्ण डोके दिसले, तर 1.6 मिलिमीटरहून कमी नक्षी उरली आहे व टायर गोटा झाला आहे असे समजावे. पाव डॉलरच्या नाण्यावरील वॉशिंग्टन यांचे डोके असेच दिसले, तर सुमारे 3.2 मिलिमीटरची मर्यादा ओलांडली गेली. दोन माजी राष्ट्राध्यक्षांना शीर्षासन घालूनही एका मिलिमीटरचा निवाडा होत नाही, आणि शेवटी नक्षी मोजण्याचा छोटा गेज विकत आणावाच लागतो.

आता या सुव्यवस्थित विश्वात एका खिळ्याचा प्रवेश होतो. नक्षीच्या मधल्या पट्ट्यात घुसलेल्या, सुमारे 6 मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राचे पंक्चर काढता येते. परंतु खिळ्यास या नियमाची जाणीव असतेच असे नाही, आणि तो टायरच्या खांद्यात किंवा बाजूच्या भिंतीत शिरला तर तो टायर निकालात निघतो. उरलेले तिघे निम्मे झिजलेले, निम्मे शाबूत, वागणुकीने निष्कलंक. तरीही टायरच्या दुकानातील मनुष्य गेज लावून, वैद्याने नाडी सोडावी तशा गांभीर्याने, चारही टायर बदलावे लागतील असे सांगतो. ग्राहकास हा उघड दरोडा वाटतो. परंतु दुकानदाराच्या प्रामाणिकपणाविषयी अन्यत्र कितीही शंका घेता आली, तरी या एका बाबतीत भूमिती त्याच्या बाजूने उभी असते, आणि खरे दुखणे हेच आहे, कारण फसविल्याचे समाधानही ग्राहकाच्या पदरी पडत नाही. टायरसोबत घेतलेली रस्त्यावरील अपघाताची हमी बहुधा खिळा लागलेल्या एकट्याचीच भरपाई करते. निर्दोष तिघांसाठी तिच्यात कलम नसते.

या अडचणीवर निघालेला तोडगा मानवी बुद्धीची कमाल मानावा लागेल. शर्यतीच्या मोटारींसाठी नवा टायर यंत्रावर फिरवून पात्याने त्याची नक्षी कमी करण्याची पद्धत होती. तीच आता घरगुती गाड्यांच्या सेवेस लागली असून, तिला टायर तासणे म्हणतात. ग्राहक आधी 8 मिलिमीटर नक्षीचे पूर्ण पैसे मोजतो आणि मग त्यातील 3-4 मिलिमीटर कमी करण्याचे वेगळे पैसे मोजतो. वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालून जी झीज फुकट झाली असती, ती येथे काही मिनिटांत रोख देऊन विकत मिळते. हिशेब केला असता हाच मार्ग तीन नवे टायर घेण्यापेक्षा स्वस्त ठरतो. तो स्वस्त असल्याचे घरी पटवून देणे, ही निराळी विद्या आहे.

खिळा न लागताही चौघांची वये जुळत नाहीत, कारण टायर सारखे झिजतच नाहीत. इंजिनचा भार आणि वळण्याचे काम पुढच्या दोघांवर पडते, म्हणून ते आधी झिजतात, आणि यावर उपाय म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे व मागचे पुढे नेण्याची, म्हणजे रोटेशनची, प्रथा आहे. शिवाय झिजेच्या तऱ्हेवरून मालकाची वर्तणूक उघड होते: नक्षी मधोमध गेली असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा गेल्या असतील तर ती भरलीच जात नाही, एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे, आणि जागोजागी खळगे पडून गाडी गुणगुणू लागली असेल तर शॉक अॅब्सॉर्बर निवृत्त झाले असून त्यांना कोणी निरोप दिलेला नाही. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या थारसारख्या फोर-बाय-फोर गाडीचा मालक या चिंतेतून बराचसा मुक्त असतो, कारण तेथे चारही चाके दांडा ओढल्यावरच जोडली जातात आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडू नयेत असेच सांगितलेले असते.

स्टेपनीची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. अनेक गाड्यांत ती तात्पुरती, बारीक अंगाची दिलेली असते, आणि एका अशा चाकाने चौघांच्या समतेचा पार बोजवारा उडतो. म्हणून जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंत एक रिकामी जागा ठेवलेली असे, जीत फ्यूज खोचला की मागच्या चाकांची ताकद बंद होऊन गाडी केवळ पुढच्या चाकांवर चाले. स्टेपनी मागेच लावावयाची, आणि पंक्चर पुढे झाले असेल तर आधी मागचे चांगले चाक काढून पुढे न्यावयाचे, अशी त्यासोबतची सूचना. ज्या हिमवादळासाठी चार चाकांची गाडी घेतली, त्याच हिमवादळात उभे राहून, दोन चाके काढून, अखेर तिला दोन चाकांची करावी लागते.

चारही टायर बदलल्यानंतर उरलेल्या तिघांचे काय करावे, यावर मतैक्य नाही. टाकवत नाहीत, कारण त्यांत 4 मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे. वापरता येत नाहीत, कारण ते तीन आहेत. त्याच शहरात कोठेतरी दुसऱ्या एका मालकाच्या चौथ्या टायरात खिळा शिरलेला असतो आणि त्यास त्याच मापाचा, त्याच बनावटीचा, नेमका 4 मिलिमीटर नक्षीचा एकच टायर हवा असतो; परंतु पूर्वेतिहास ठाऊक नसलेला वापरलेला टायर घेऊ नये, असे तज्ज्ञ त्यास बजावीत असतात, म्हणून तोही चार नवे घेतो व आपले तिघे घरी नेतो. पुढील हिवाळ्यासाठी बर्फाच्या टायरचा वेगळा संच आधीच गॅरेजात रचलेला असल्याने तेथील संख्या सातवर जाते, आणि गाडी बाहेर बर्फात उभी करावी लागते, ज्याबद्दल तिची तक्रार नसते, कारण ती ऑल-व्हील-ड्राइव्ह असते.