जरा वाकून बघा

स्कूटरचा स्टँड कोणी वाकून बघत नाही, ही आपल्या समाजातली मोठीच उणीव आहे. लोक हँडल बघतात, सीट दाबून बघतात, ‘अजून चालते का हो?’ एवढं विचारतात आणि उभ्या उभ्या निघून जातात. माझ्या १९८६ च्या चेतकचा स्टँड खरं तर उकिडवं बसून, जमल्यास मोबाइलचा टॉर्च लावून बघायचा ऐवज आहे. काळाभोर रंग, बेताची चकाकी, कुठे ओघळ नाही, ब्रशाचा केस चिकटलेला नाही. पावडर कोटिंग आहे ते. आणि (इथे मी जरा थांबतो, समोरच्याने विचारावं म्हणून) कुठे केलं, ते महत्त्वाचं.

समोरचा विचारत नाही. मग मीच सांगतो.

घरी पावडर कोटिंग करणाऱ्याची सौंदर्यदृष्टी भट्टीच्या मापाने ठरते. माझी भट्टी म्हणजे ओटीजी. नानकटाईच्या एका उत्साही दिवाळीत तो घरात आला आणि पुढे त्याच्या डोक्यावर औषधांचे डबे ठेवण्याची सोय झाली. त्याच्या दारातून जे आत जाईल ते सुंदर करायचं. जे जाणार नाही ते आहे तसंच सुंदर मानायचं. स्टँड तिरका घातला की दार कसंबसं लागतं. ब्रेकचं पेडल, स्टेपनीचा क्लॅम्प आणि सायलेन्सरमागे लपलेल्या दोन-तीन पट्ट्या सहज मावतात. परिणामी माझी स्कूटर, रस्त्यावर आडवी पडून बघितली तर, शोरूममधून आत्ताच बाहेर आल्यासारखी आहे. उभी असताना मात्र तिच्या बॉडीचा मूळ रंग कोणता, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. ‘बॉडी कधी रंगवताय?’ असं शेजारचे काका भेटतील तेव्हा विचारतात. काकांना भट्टीच्या मर्यादा समजत नाहीत.

एकदा पावडर भाजलेल्या ओटीजीत पुन्हा खायचं काही करायचं नसतं, हा या छंदातला पहिला नियम. तो मी बायकोला चहाच्या वेळी, शक्य तितक्या सहज आवाजात सांगितला. ‘अहो, म्हणजे तो गेलाच म्हणा की,’ ती म्हणाली आणि त्याच आठवड्यात दुप्पट मोठा नवा ओटीजी आला. त्याच्याकडे मी अधूनमधून नुसतं बघतो. त्यात चेतकची रिम आरामात बसेल. हे मी अजून कोणाला बोललेलो नाही.

‘मग भोसरीला देऊन का नाही टाकलं?’ हा प्रश्न व्यवहारी माणसं विचारतात. दिलं असतं की. एका शेडमध्ये चौकशीही केली होती. त्या माणसाने विचारलं, ‘किती नग?’ म्हटलं, चार. ‘चारशे?’ नाही हो, चार. त्याने माझ्याकडे अतिशय करुणेने पाहिलं आणि म्हणाला, ‘ठेवून जा. काळ्याची बॅच लागली की त्यातच लटकवून देतो.’ पैसे इतके किरकोळ सांगितले की मी हादरलो. एवढ्यात काम झालं असतं तर उरलेलं आयुष्य मी बोलायचं कशाबद्दल? भाग उचलले आणि घरी आणले.

वास्तविक ही विद्या सोपी आहे. रंग असतो कोरड्या पिठाच्या रूपात. थिनर नाही, वास नाही. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमरने तापवलेला भाग हवेने खळबळणाऱ्या पावडरीत बुडवून ही गोष्ट सुरू केली. विजेची गन पुढच्या दशकात आली. गन पावडरीच्या कणांना हजारो व्होल्टचा भार देते, पण करंट इतका नगण्य की चुकून हात लागला तर झिणझिणी आणि थोडा अपमान, एवढंच. भाग अर्थ केलेला असतो, म्हणून भारलेले कण धावत येऊन त्याला चिकटतात, अगदी मागच्या बाजूलाही. मग १८० ते २०० अंशांवर दहा ते वीस मिनिटं भाजायचं. पावडर वितळते, पसरते, तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि केसाच्या जाडीएवढा, साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर घट्ट बसतो. मिनिटं मोजायची ती लोखंड तापल्यापासून, ओटीजीचा दिवा लागल्यापासून नाही. हे वाक्य मी दोन लग्नांत आणि एका बारशात वापरलं आहे.

त्याआधीचं काम मात्र कोणी बारशात ऐकून घेत नाही. जुना रंग उतरवा, गंज घासा, ग्रीस धुवा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, कारण बोटाचं तेलही वरच्या थरातून वर येऊन दाखला देतं. आट्यांवर उष्णता सोसणारी टेप लावा, नाहीतर बोल्ट आत जायचा नाही. हवेत उडालेली पावडर ज्योत दिसली की पेटू शकते, म्हणून देवघरातली समई शांत होईपर्यंत गनला हात लावायचा नाही. आमच्याकडे आईची पूजा लांबते. माझ्या कलेला विलंब का होतो, ते देवाला माहीत आहे.

सगळ्यात जोखमीचा भाग म्हणजे बाल्कनीपासून ओटीजीपर्यंतचा प्रवास. भाजण्याआधी पावडर नुसती चिकटलेली असते. फुंकर मारली तरी उडेल. तारेच्या आकड्याला लटकवलेला स्टँड हातात धरून मी निघालो की घरातले सगळे पंखे बंद होतात, दारं धरून ठेवली जातात, आणि आईला ‘शिंक आली तर आधी सांग’ अशी सूचना असते. निम्म्या वाटेवर तिने विचारलं, ‘अरे, पण हे कुणाचं आहे?’ मी श्वास रोखलेला होता. उत्तर देता आलं नाही.

पण हे सगळं पुढचं. आधी पावडर चिकटायलाच तयार नव्हती. स्टँडवर फवारली की जरा वेळ बसायची आणि खाली पडायची. आणि इथे मला अर्थिंगबद्दल बोलायलाच हवं. ज्यांना घाई असेल त्यांनी दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण माझं मन दुखेल.

मराठी घरात प्लगच्या तिसऱ्या पिनेइतकी उपेक्षा कोणाचीच झालेली नाही. ती बाकीच्या दोघींपेक्षा जाड असते, लांब असते, आधी आत शिरते आणि सर्वांत शेवटी बाहेर पडते, म्हणजे करंट येण्याआधी संरक्षण हजर. सॉकेटमधला पडदाही तीच उघडते. आणि आपण काय केलं? टू-पिन प्लग बसेना म्हणून वरच्या भोकात बॉलपेन खुपसून पडदा उघडायला शिकलो. ते जमलं की पोराला विजेतलं कळतं, असं घरी समजत. काही घरांत तर नुसत्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोकलेल्या असत आणि त्यावर रेडिओ चाले. इस्त्रीची तिसरी, हिरवी वायर ‘उगाच लोंबकळते’ म्हणून कापून टाकणारे काका प्रत्येक आळीत एक तरी होते.

जुन्या वाड्यांत निदान खड्डा असे. अंगणाच्या कोपऱ्यात पाइप पुरलेला, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वर नरसाळं. मीठ ओल खेचतं, कोळसा ती धरून ठेवतो, आणि ओल्या जमिनीतून चुकार वीज निमूट निघून जाते. आमचे आजोबा मे महिन्यात तुळशीला तांब्याभर आणि त्या नरसाळ्याला बादलीभर पाणी घालत. पाहुण्यांना वाटे म्हातारबुवांचं काहीतरी व्रत असावं. खरं तर पुण्याच्या पाणीकपातीत विजेच्या खड्ड्याला बादली देणं, याला व्रत नाही तर काय म्हणणार?

तर, स्टँडची पावडर पडते म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी फेज आणि न्यूट्रलला लावल्या, बल्ब लागला. फेज आणि अर्थला लावल्या, काही नाही. ‘साहेब, अर्थिंग आहे, पण नाहीये,’ असं दार्शनिक विधान करून तो खाली मीटररूममध्ये गेला. आमच्या फ्लॅटची हिरवी वायर तिथवर व्यवस्थित आली होती. तिथे तिची छान गुंडाळी करून, टोकाला टेप लावून, खिळ्याला अडकवली होती. खड्डा पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली, वर चेअरमनची गाडी.

वायरमन वर येऊन हे सांगत होता तेव्हा मावशी भांडी घासत होत्या. ‘वहिनी, मशीन चावतंय,’ असं त्या कधीपासून म्हणत होत्या. पाण्यात उभं राहून धुतलेले कपडे बाहेर काढताना वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लागला की चिमटा बसायचा. त्यावर घरात एक तोडगा ठरलेला होता: पायात चपला घाला. रबरी जोड आणूनही दिला होता, दाराशीच ठेवलेला असायचा. वायरमनने मशीनला टेस्टर लावला. दिवा पेटला. त्याने तो आम्हाला दाखवला, काही न बोलता बटण बंद केलं आणि मावशींना म्हणाला, ‘याला आता हात नका लावू.’ स्टँडला पावडर चिकटली असती तर तो आलाच नसता.

सोसायटीच्या सभेत मी पेव्हर ब्लॉकवर बोललो. किती वेळ बोललो ते इतिवृत्तात नाही, पण चहा गार झाला. चेअरमनची गाडी सरकली, खड्डा उपसला, नवं मीठ आणि कोळसा पडला, आणि वॉचमन आता उन्हाळ्यात तिथे पाणी घालतो. मावशी बिनचपलांच्या मशीन लावतात. त्या रबरी जोडाकडे बघितलं की मला अजून बरं वाटत नाही, म्हणून तो मीच गॅरेजमध्ये वापरायला घेतला आहे.

पावडर त्यानंतर अशी चिकटली की विचारू नका. फक्त स्टँडच्या आतल्या काटकोनात थोडी कमी बसली. विजेच्या रेषा कडांवरच अडतात, खोल कोपऱ्यात जात नाहीत. मायकेल फॅरडेचं नाव त्या दोषाला आहे. माझ्या स्टँडमधल्या उणिवेलाही रॉयल इन्स्टिट्यूशनचा माणूस लागतो, हे मी काकांना ऐकवलं. काका म्हणाले, ‘बॉडी?’

आता अडचण अशी की चेतकचे ओटीजीत मावणारे भाग संपले आणि पावडर अर्धा किलो उरली आहे. हात शिवशिवतात. दाराची कडी झाली, शिडीचे ब्रॅकेट झाले, जिन्याखालच्या कुलपाची साखळी झाली. परवा बहीण आली आणि तिने आल्या आल्या आपली चाव्यांची जुडी पर्समध्ये टाकली. आईचा अडकित्ता तीन दिवस दिसला नाही, म्हणून सहज चौकशी केली.

‘माझ्या उशाखाली आहे,’ आई म्हणाली. ‘आणि तिथेच राहील.’