आम्हाला गव्हर्मेंट लागलं

दहावीचा निकाल लागला की नागपुरातल्या आमच्या कॉलनीत पेढ्यांना मागणी येते आणि डॉक्टरच्या पप्पांना. डॉक्टर स्वतः अजून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गोंदियाच्या होस्टेलवर राहतो आणि ॲनाटॉमीच्या धाकाने घरी धड फोनही करत नाही. पप्पा मात्र पूर्णवेळ डॉक्टरचे पप्पा झालेत. पाटबंधारे खात्यातली नोकरी हा आता त्यांचा जोडधंदा.

असा एक पालक हल्ली प्रत्येक वस्तीत सापडतो. खूण सोपी आहे: मुलाबद्दल तो एकवचनात बोलतच नाही. "अकरावी आम्ही झोपेत काढली. बारावीला जरा जाग आली, पण फिजिक्सने दगा दिला. मग रिपीट केलं. मेडिकल हुकलं, मेयो हुकलं, पण आम्हाला गव्हर्मेंट लागलं!" (मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली सरकारी कॉलेजं; गोंदियाचंही सरकारीच.) ऐकताना पन्नाशी उलटलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला हा माणूस रिपीटर बॅचच्या पहिल्या बाकावर बसलेला डोळ्यांपुढे येतो. क्लासवाल्यांनी परवानगी दिली असती तर तो बसलाही असता.

परवा मी त्यांच्याकडे शिडी मागायला गेलो, तर सल्लामसलत सुरू होती. समोर आई, बाप आणि मध्ये दहावी झालेली मुलगी. पप्पांनी मुलीला मार्क विचारले नाहीत, आवड विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी थेट बापाला गाठलं, "मॅथ्स ठेवताय की सोडताय?"

"दोन्ही ठेवावं म्हणतो जी," बाप चाचरला. "मेडिकल नाही जमलं तर इंजिनिअरिंगला..."

"म्हणजे नाही जमणार हे तुम्ही आत्ताच ठरवून टाकलं!"

बाप ओशाळला. मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवणारं घर पप्पांच्या लेखी नास्तिक. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि औषध लिहून द्यावं तसे विषय लिहायला घेतले. नीटचे प्रश्न १८०, मार्क ७२०. फिजिक्सचे ४५ प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोचे ९०. "एकट्या बायोला ३६० मार्क! आता यात मॅथ्स कुठं आहे, दाखवा." कुठेच नव्हतं. आई-बापाने पान सुलटं करूनही पाहिलं.

मॅथ्स सोडण्याच्या या कथेचा उत्तरार्ध पप्पा सांगत नाहीत. तो काकूंकडून, म्हणजे डॉक्टरच्या आईकडून, स्वयंपाकघरात ऐकावा लागतो. मॅथ्स सोडल्याचा आनंद त्यांच्या घरात पहिल्या युनिट टेस्टपर्यंत टिकला. मग फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर डीवाय बाय डीएक्स लिहिलं. पुढे इंटिग्रेशन आलं, मग लॉग आलं. पप्पा क्लासवर भांडायला गेले, की आम्ही हे रीतसर सोडलेलं आहे. क्लासवाल्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि 'नीटसाठी बेसिक मॅथ्स' या बॅचची पावती फाडली. फी वेगळी.

मॅथ्सच्या जागी काय घ्यायचं, हा पप्पांचा खास प्रांत. भूगोल घेणारे घेतात. पप्पांचं मत मात्र फिशरीजला. बायफोकलचा, म्हणजे व्यवसाय शिक्षणाचा, २०० मार्कांचा विषय. तो घेतला की मॅथ्सही जातं आणि मराठीही जाते. (मराठी जाताना कोणी 'ठेवताय की सोडताय' एवढंही विचारत नाही. नीटचा पेपर मराठीतून देता येतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात.)

"मासे?" मुलीची आई दचकली. "आमच्यात अंडंही चालत नाही हो."

"खायचे कुठं आहेत, वहिनी? लिहायचे आहेत!" पप्पा म्हणाले. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर असला तरी रोहू, कतला आणि मृगळ यांच्या जिवावर आमच्या कॉलनीतल्या कैक शाकाहारी मुलांनी बारावीचे टक्के वर काढलेत. आता, हे टक्के मेडिकलला कुठेही धरत नाहीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजीत पास हवं. पुढचं सगळं नीटवर. मी भीत भीत हे बोललो. पप्पांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "आणि निकालाच्या दिवशी साळ्याचा फोन आला तर त्याला काय नीटचा फॉर्म नंबर सांगू?" यावर मला काही सुचलं नाही.

पण त्यांच्या ज्ञानाला हसण्यात अर्थ नाही. नियम त्यांना खरोखर पाठ आहेत, आणि कोटाची गोष्ट सांगावी तर त्यांनीच. आवाज आपोआप खाली येतो. ओळखीतलं एक कुटुंब. मुलगी हुशार. दहावीनंतर क्लाससाठी राजस्थानात कोटाला नेली, आईने तिथे खोली केली, बारावीही तिथल्याच शाळेतून दिली. नीटचा स्कोअर असा, की इथे डोळे मिटून गव्हर्मेंट मिळावं. परत येऊन फॉर्म भरायला बसले... इथे पप्पा थांबतात आणि पाणी पितात. "राज्याच्या ८५ टक्के सीटांना दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, बाप्पा! थोडे अपवाद आहेत, त्यात हे बसेनात. राहिल्या देशभरच्या १५ टक्के." मुलीचा बाप कोटाला कधीही जाणार नव्हता, तरी त्याने कपाळाचा घाम पुसला. विषय चुकला तर वर्ष जातं, पण गाव चुकलं तर कोटाच जातो, असं पप्पांचं शास्त्र आहे, आणि ते खोटं नाही.

एका नियमावर मात्र त्यांचा राग आहे. पूर्वी अकरावीला बायो सोडलं की डॉक्टरकीचं दार बंद. पप्पांच्या व्यवसायाचा पायाच तो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगून टाकलं, की बारावी झाल्यावर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून दिला तरी नीटला बसता येईल. "असं केल्यावर लोकांना अकरावीत भीती कशाची राहणार?" पप्पा हळहळले. वर त्यांनी बापाला बजावलं, की हा नियम मुलीच्या कानावर घालू नका. मुलगी तिथेच बसली होती.

बायोवर त्यांची श्रद्धा मात्र निखळ. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांनी मुलाच्या आधी संपवली, तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित करून, बरीचशी ऑफिसात. आता कॉलनीतले म्हातारे मुलगा सुटीवर यायची वाट न बघता ब्लडप्रेशरची चिठ्ठी पप्पांनाच दाखवतात. पप्पाही टाळत नाहीत. "१२०/८० नॉर्मल. अकरावीचं पुस्तक, अभिसरणाचा धडा, शेवटाकडचं पान." औषध विचारलं तर म्हणतात, ते पोर्शनमध्ये नाही.

नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात आणि चुकीला एक कापला जातो. म्हणून येईल त्याला त्यांचा हात जोडून उपदेश असतो: खात्री नसेल तर गोळा काळा करू नका, प्रश्न सोडून द्या. स्वतः पप्पांनी गेल्या दोन वर्षांत एकही प्रश्न सोडलेला नाही. इंजिनिअरिंग, कॉमर्स, कॅनडा, गुडघ्याची वाटी, सगळे गोळे काळे.

पान भरलं. खाली सही करायचीच काय ती बाकी राहिली होती. बापाने ते घडी घालून खिशात ठेवलं, आईने पोह्यांची बशी रिकामी केली. मला शिडी मिळायची लक्षणं दिसू लागली. तेवढ्यात मुलगी पहिल्यांदा बोलली.

"काका, दादाचा नंबर देता का? त्यालाच विचारते ना, मॅथ्स सोडून जड गेलं का ते."

पप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. त्या संध्याकाळी प्रथमच.

"त्याला काय विचारते, बेटा?" ते म्हणाले. "त्याला यातलं काही माहीत नाही. तो तेव्हा अभ्यास करत होता."