साडूकडून विमा कसा घ्यावा

धाराशिव जिल्ह्यात विमा शिकवायला जाणं हा आगाऊपणा आहे. सोयाबीन पाण्यात गेलं की ७२ तासांच्या आत कळवायचं, हा २०२५ च्या खरिपाआधीचा नियम कळंबपासून उमरग्यापर्यंत पोरासोरांनाही पाठ होता. पंचनामा, मंडळातला पाऊस, कंपनीचे निकष, सगळ्याचा कीस पारावर पडतो. राहता राहिला आपल्या जिवाचा विमा. त्यात मात्र आपण पाव्हण्यानं बोट ठेवलं तिथं सही करतो. ही सही नीट यावी, एवढ्यासाठी पुढील सूचना.

आधी एजंट निवडावा, पॉलिसी नंतर. एजंट नात्यातला हवा, साडू सर्वोत्तम. तो मार्चमध्ये येतो, कारण टार्गेट मार्चमध्ये संपतं. त्याला एकच प्रश्न विचारावा, "पाव्हणं, परत किती मिळणार?" 'मी गेलो तर घरात किती येणार' असं अभद्र बोलू नये. पाव्हणे लगेच तुळजापूरच्या दिशेला हात जोडतात आणि विषय बदलतो.

मग तो वीस वर्षांची पॉलिसी काढेल. वर्षाला वीसेक हजारांचा हप्ता, कवच चारेक लाखांचं, वर जमेल तो बोनस. बोनस बहुधा मूळ रकमेवर साधा मिळतो, चक्रवाढ नव्हे; पण सावकाराचं व्याज बोटांवर मोजणाऱ्यानं इथं बोटं मुठीत ठेवावीत. ट्रॅक्टरचं कर्ज सहा लाख आहे, हेही आठवू नये. तेवढ्याच हप्त्यात टर्म विमा कितीतरी पट कवच देतो, पण माणूस जगला तर पैसे बुडाले. जगून तोटा कोण सोसणार?

खरं तर शेतकऱ्याला मोठा टर्म विमा सहज मिळतही नाही. कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि सातबाऱ्यावर पीक लिहितात, कमाई नाही. बँकेतून मिळणारी जीवनज्योती योजना आहे : वय १८ ते ५०, वर्षाला ४३६ रुपये, कवच दोन लाख. पण तिच्यासाठी कुणी घरी येऊन चहा पीत नाही, मग विश्वास कसा बसावा? शिवाय हप्ता कापला जातो मेअखेरीस, म्हणजे बियाणं-खतात खातं रिकामं झालेलं असताना.

फॉर्मवर 'तंबाखू खाता का?' असं विचारलेलं असतं. पाव्हणे चुना मळता मळता 'नाही' लिहितील. लिहू द्यावं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका काढता येत नाही; तोवर फक्त मरू नये.

वारसाच्या रकान्यात लग्नाआधी आईचं नाव घातलं असेल, तर ती वारल्यावरही तेच ठेवावं. १८७४ च्या एका कायद्याचा उल्लेख तर टाळावाच. प्रस्ताव भरतानाच त्याखाली बायको-मुलांच्या नावे पॉलिसी घेतली, तर त्या पैशावर नवऱ्याच्या देणेकऱ्यांना सहसा हात टाकता येत नाही. मग दारात आलेल्या सावकारानं जायचं कुठं?

बाँड हाती आल्यापासून ३० दिवसांत नापसंत म्हणून परत करता येतो. म्हणून तो त्याच दिवशी लोखंडी पेटीत कुलूपबंद करावा. बायकोला दाखवू नये. ती विचारेल, "अहो, ह्याच्यात ट्रॅक्टरचं तरी फिटतं का?"