जन्मवेळेचे अप्पा

देवांनी जन्माच्या पाळ्या फार समंजसपणे वाटून घेतल्या आहेत. मारुती सूर्योदयाला, दत्त संध्याकाळी, कृष्ण रात्रपाळीला. रामाच्या वाट्याला चैत्रातले दुपारचे बारा आले, आणि त्यामुळे प्रत्येक रामाच्या देवळात एक माणूस कायमचा कामाला लागला. हा माणूस पुजारी नसतो, विश्वस्त नसतो, पावतीपुस्तकावर त्याची सही नसते. पण राम वेळेवर जन्माला येतो तो आपल्यामुळे, याविषयी त्याला शंका नसते. कौसल्येचा वाटा तो नाकारत नाही, इतकंच.

आमच्या सदाशिव पेठेतल्या देवळात हे खातं अप्पांकडे आहे.

एरवी अप्पांचं आणि वेळेचं काही देणंघेणं नाही. विजेचं बिल ते मुदत उलटल्यावर भरतात. मुलीच्या लग्नात मुहूर्त टळत आला तरी हे बनियनवर पगडी शोधत होते. पण गुढीपाडव्याला रामाचं नवरात्र बसलं की कपाटातून किल्लीचं एचएमटी घड्याळ बाहेर येतं. रोज सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की त्या घड्याळाचे काटे तपासले जातात. बातम्यांत काय सांगितलं, हे अप्पांना आजवर ठाऊक नाही.

नवमीच्या दिवशी साडेदहाला कीर्तन उभं राहतं आणि अप्पा बुवांच्या बरोबर समोर, खांबाला टेकून बसतात. त्यांच्या डोक्यात पक्कं वेळापत्रक असतं. 11 वाजता पूर्वरंग संपला पाहिजे. 11:30 ला दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ उरकला पाहिजे. 11:40 ला तिन्ही राण्यांत पायस वाटून झालं पाहिजे. एका वर्षी बुवांनी 11:10 लाच पायस वाटून टाकलं. मग उरलेला पाऊण तास कौसल्येचे डोहाळे पुरवता पुरवता त्यांची दमछाक झाली. अयोध्येतल्या एकूण एक झाडाचं वर्णन आम्ही त्या दिवशी ऐकलं.

तेव्हापासून खुणा ठरल्या. मनगटावर टिचकी म्हणजे दहा मिनिटं राहिली. टोपी काढली म्हणजे पाच. अप्पा उभे राहिले म्हणजे आवरा. बाराच्या ठोक्याला त्यांचा हात वर जातो आणि एकदम नगारा, शंख, घंटा, गुलाल, फुलं असा कल्लोळ उठतो. बायका पाळण्याच्या दोरीकडे धावतात, पोरं सुंठवड्याकडे. अप्पा तेवढे जागेवर असतात, नजर सेकंदकाट्यावर. एकदा मी विचारलं, "अप्पा, यंदा रामाला अंगडं कुठल्या रंगाचं होतं हो?"

"बारा वाजून दोन सेकंद," अप्पा म्हणाले. "नगारेवाला चुकला."

अप्पांना साऱ्या पेठेत विरोधक एकच, भूगोलाचे निवृत्त सर. रामाचा जन्म माध्यान्हीचा, आणि पुण्याचा माध्यान्ह बाराला होत नाही, हा त्यांचा मुद्दा. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे चैत्रात आपल्या डोक्यावर सूर्य येईपर्यंत घड्याळात 12:35 होऊन जातात. "मुंबईत 1955 पर्यंत स्वतःची वेळ पाळणारे लोक होते, चांगली 39 मिनिटं मागे," सर दरवर्षी सांगत.

"1955 साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं," अप्पा म्हणत. "त्या सालाचं मला एवढंच ठाऊक आहे."

पण एका वर्षी अप्पा नातवाचा नकाशा उघडून बसले आणि दुसऱ्या दिवशी सरांना गाठून म्हणाले, "तुमची साडेब्याऐंशीची रेघ अयोध्येला अगदी खेटून जाते हो. म्हणजे आपले बारा ते अयोध्येचेही बाराच, चारपाच मिनिटं इकडेतिकडे. राम अयोध्येत जन्मला का सदाशिव पेठेत?" भूगोलाने दगा दिल्यावर भूगोलाच्या माणसाने कुठे जावं? सर चार वर्षं गप्प होते.

गेल्या वर्षी नेहमीच्या बुवांचा घसा बसला आणि ऐन वेळी कोकणातून एक तरुण कीर्तनकार ताई आल्या. आवाज असा, की चपला सांभाळणारासुद्धा आत येऊन बसला. गडबडीत खुणा सांगायच्या राहून गेल्या. 11:50 ला अप्पांनी मनगटावर टिचकी मारली. ताईंना वाटलं, आजोबा ताल धरतायत. त्यांनी लय वाढवली, तबलजीही खुलला. 11:55 ला अप्पांनी टोपी काढली. आजोबांना गहिवरून आलं असं समजून ताईंनी तोच अभंग पुन्हा घेतला. शेवटी अप्पा उभे राहिले, दोन्ही हात हलवू लागले. "बघा, या वयात आजोबांना नाचावंसं वाटतंय!" असं म्हणून ताईंनी झांजा उचलल्या आणि गजर सुरू केला. सगळं देऊळ उभं राहून नाचायला लागलं. मधोमध अप्पा, हातवारे करत. सगळ्यांत छान तेच नाचत होते.

बारा वाजले. वाजून गेले. नगारेवाला टिपरू उगारून अप्पांकडे बघत होता. पोरांच्या मुठीत गुलालाचे लाडू झाले होते. अप्पा मटकन खाली बसले. घड्याळ मनगटावरून काढलं, खिशात घातलं आणि, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, कीर्तन ऐकू लागले.

पुढे राम जन्मला. नगारा घुमला, गुलाल उडाला नाही पण पडला, गोळ्यांनी. गर्दीत कुणीतरी पाळण्याची दोरी अप्पांच्या हातात दिली. ते वाकून आत बघत राहिले. "एवढासाच आहे होय!" त्यांच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात सर गर्दीतून वाट काढत आले, चेहरा उजळलेला. "अप्पा, 12 वाजून 37 मिनिटं! इतकी वर्षं राम अयोध्येत जन्मत होता. आज पहिल्यांदा सदाशिव पेठेत जन्मला!"

अप्पांनी दोरीला आणखी एक झोका दिला आणि तोंडातला सुंठवडा शांतपणे गिळला.

"तरीच एकच्या आत उरकलं," ते म्हणाले.