तक्तेश्वर

तक्तेश्वर तुमच्या ऑफिसात आहेतच. नसले तर सोसायटीच्या कमिटीत बघा, आणि तिथेही नसले तर रात्री अकरानंतर कुठल्याही घरातल्या लॅपटॉपपाशी. डोक्यावर घराचं १८ लाखांचं कर्ज, पगारदार पतसंस्थेचे सव्वा लाख, बाइकचे ४५ हजार, क्रेडिट कार्डाचे ६० हजार, फ्रिजच्या हप्त्यांचे १४ हजार आणि ताईकडून घेतलेले हातउसने ४० हजार. या सगळ्याचा एक एक्सेल तक्ता आहे. फाइलचं नाव ‘कर्जमुक्ती अंतिम’. तिच्यामागून ‘कर्जमुक्ती अंतिम सुधारित’ आली, मग ‘अंतिम सुधारित नवीन’. नव्या आवृत्तीत आकडे सहसा जुनेच असतात, रंग तेवढे बदलतात. कार्डाची ओळ लालाची केशरी झाली की घरात परिस्थिती सुधारल्याचं वातावरण पसरतं.

या शास्त्रात दोन पंथ आहेत. अमेरिकेत डेव्ह रॅमसे यांनी रेडिओवरून घरोघर पोचवलेला पंथ म्हणतो, सगळ्यांत लहान कर्ज आधी उडवा, म्हणजे हुरूप येतो. याला स्नोबॉल म्हणतात. दुसरा म्हणतो, हुरूप राहू द्या, ज्याचं व्याज जास्त ते आधी मिटवा, हा अ‍ॅव्हलांच. तक्तेश्वर सोमवारी पहिल्या पंथाचे असतात, गुरुवारी दुसऱ्या, आणि महिनाअखेरीस दोन्हींचा समन्वय साधणारी नवी ‘अंतिम’ आवृत्ती तयार होते. माझं म्हणणं इतकंच की त्यांच्या बाबतीत हा वादच खोटा आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं, तरी ६० हजारांवर २,१०० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८. तक्तेश्वर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून पाच टक्के, म्हणजे ३,००० भरतात. मुद्दलातून कमी झाले ५२२. शिवाय थकबाकी चालू असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे कार्डावर घेतलेला किराणासुद्धा व्याज खाऊ लागतो. हे त्यांना माहीत नाही असं नाही. तरी किराणा कार्डावरच, कारण पॉइंट मिळतात. पॉइंटांचा तक्ता वेगळा आहे, आणि तो हिरवा आहे.

यावर कोणी म्हणेल, माणूस म्हणजे कॅल्क्युलेटर नव्हे. एक खातं बंद झाल्याचं समाधान मिळालं तर पुढचं फेडायला बळ येतं. आक्षेप पोकळ नाही. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१२ मध्ये कर्जफेडीच्या योजनेत दाखल झालेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जे खाती एकेक करून बंद करत गेले ते शेवटी कर्जातून सुटण्याची शक्यता जास्त दिसली. मान्य. पण हुरूपाची किंमतही मोजायला हवी. पतसंस्थेचा दर ११ आणि बाइकचा १२ असेल, तर आधी कोणतं फेडलं याने फारसं बिघडत नाही. तिथे खुशाल हुरूप बघावा. इथे एकीकडे वर्षाचे ४२ टक्के आहेत. महिन्याला वरचे ८ हजार उरत असतील आणि आधी फ्रिज, मग ताई, मग बाइक अशा चढत्या क्रमाने गेलं, तर कार्डाची पाळी यायला वर्ष उलटतं आणि तेवढ्यात ते पंचवीस-तीस हजार गिळतं. फ्रिजचे हप्ते संपल्याचा आनंद असतो, पण इतका महाग आनंद फ्रिजवाल्यालाही परवडणार नाही.

दुसरा आक्षेप खुद्द तक्तेश्वरांचा: बँकेत लाखभराची एफडी आहे, पण ती अडीनडीला. साडेसहा टक्के मिळवणारी एफडी ४२ टक्क्यांच्या कर्जाशेजारी सुखाने नांदते आहे. मुदतीआधी मोडली तर बँक व्याजातून एखादा टक्का कापेल, म्हणून ती मोडवत नाही. अडीनडी म्हणजे नेमकं काय, हे तक्त्यात कुठे लिहिलेलं नाही. घरातल्या बांगड्यांवर बँकेतून दहाएक टक्क्यांनी सोनेतारण घेऊन कार्ड एका दिवसात संपवण्याची सोयही ‘पर्याय ३’ म्हणून नोंदलेली आहे. ज्यांच्या बांगड्या, त्यांना मात्र अजून विचारलेलं नाही. तेव्हा तक्ता फेडण्यासाठी नाहीच. एफडी मोडणं, बांगड्या मागणं, कार्ड कपाटात ठेवणं ही तीन अवघड कामं जोवर ‘विचाराधीन’ ठेवायची आहेत तोवर बसायला एक सन्माननीय जागा हवी, ती एक्सेलने दिली.

एवढं बोलून झाल्यावर एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांना आपला हप्ता पाठ असतो, दर नसतो. घरकर्जाचं अजून बाकी किती हे विचारलं तर विषय बदलतो. तक्तेश्वरांना शेवटच्या रुपयापर्यंत माहीत आहे, आणि अकरानंतर एकट्याने ते आकडे पुन्हा बघण्याची हिंमतही त्यांच्यात आहे. ताईच्या ओळीपाशी तर त्यांचा हिशेबीपणा साफ ढासळतो. तिचं व्याज शून्य, म्हणजे अ‍ॅव्हलांचच्या नियमाने तिचा नंबर घरकर्जाच्याही मागे, बहुधा निवृत्तीच्या सुमारास. हे वाक्य ताईला कसं सांगायचं याचं सूत्र एक्सेलमध्ये नाही. म्हणून प्रत्येक आवृत्तीत सगळ्या ओळी दरानुसार लावून झाल्या की तिची ओळ हाताने उचलून वर आणली जाते. तिला रंग दिलेला नाही. भाऊबीजेला ओवाळणीच्या पाकिटात ते ५ हजार घालतात; ती ‘एवढे कशाला रे’ म्हणते, पाकीट ठेवून घेते आणि दिवाळी सरायच्या आत भाचीला तेवढ्याचे कपडे घेऊन येते. पाकीट ‘सणखर्च’ या सदरात जातं, कपडे कुठेच जात नाहीत, आणि ताईचे ४० हजार ४० हजारच राहतात. साऱ्या तक्त्यात वाढत नाही असं हे एकच कर्ज, आणि ते संपवण्याची घाई दोघांनाही दिसत नाही.